जुन्या घरातलं अर्थिंग: तपासणी कुठून सुरू करायची आणि काम कसं करून घ्यायचं

आमच्या लहानपणी घरात एक नियम होता. फ्रीज उघडायचा तर पायात स्लिपर हवी. आईने त्यासाठी फ्रीजपाशी रबरी स्लिपरचा एक जोड कायमचा ठेवलेला असायचा. पाहुणे आले की ती आधी त्यांना स्लिपर दाखवायची. आम्ही धरून चाललो होतो की फ्रीज असाच असतो. पुढे मी वायरमनचा परवाना काढला, तेव्हा लक्षात आलं की फ्रीज बरा होता, आमच्या घराला अर्थिंगच नव्हतं. आज बावीस वर्षं वाड्यांमध्ये, चाळींमध्ये आणि जुन्या बैठ्या घरांमध्ये काम करतोय आणि ती स्लिपर मला अजूनही घरोघरी दिसते. कुठे गीझरपाशी लाकडी पाट असतो, कुठे वॉशिंग मशीनखाली गोणपाट, तर कुठे कूलरमध्ये पाणी घालण्याआधी बटण बंद करायची ताकीद.

हा लेख अशाच घरात राहणाऱ्यांसाठी, किंवा असं घर नुकतंच विकत वा भाड्याने घेतलेल्यांसाठी आहे. विजेचं काही कळत नाही असं धरूनच लिहितोय.

आधी एवढं समजून घ्या

घरात वीज दोन तारांनी येते, फेज आणि न्यूट्रल. फेजवर 230 व्होल्ट असतात. करंट फेजमधून उपकरणात जातो आणि न्यूट्रलमधून परत जातो. अर्थ ही तिसरी तार रोजच्या कामाला लागत नाही. ती उपकरणाच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक जमिनीत गाडलेलं असतं. गीझरची कॉइल फुटली, किंवा मशीनमधली वायर घासून फेज पत्र्याला टेकली, की करंटला जमिनीत जायला सोपी वाट मिळावी म्हणून ती तार असते. ती नसेल तर पत्रा 230 व्होल्टवर तसाच राहतो आणि ओल्या पायाने हात लावणारा माणूस स्वतःच ती वाट बनतो.

माणसाला किती करंट घातक? दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सुटत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढे, काही क्षण जास्त वाहिला, तर हृदयाला धोका. तुमच्या बोर्डावरचा 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसाला वाचवणं हे त्याचं काम नाही. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तर पुढचं सगळं सोपं जाईल.

पायरी 1: आज संध्याकाळी करायचं काम

वायरमन येईल तेव्हा येईल. तोपर्यंत ज्या उपकरणाला हात लावल्यावर मुंग्या येतात त्याचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरात बटण कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मग बटण बंद असूनही उपकरणात फेज असतोच. ओल्या जागेतलं उपकरण असेल तर आधी मेन स्विच पाडा, मग प्लग ओढा.

कपडे वाळत घालायची तार लोखंडी असेल आणि ती पत्र्याच्या शेडला, विजेच्या खांबाला किंवा मीटरच्या पाइपला बांधलेली असेल, तर ती आजच काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. पावसाळ्यात खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर घासून पत्र्याला टेकते, पत्र्यातून तारेत उतरते आणि ओले कपडे टाकणाऱ्या बाईला धक्का बसतो. वाचवायला धावलेला दुसरा माणूसही त्यात सापडतो. अशा बातम्या दर पावसाळ्यात येतात.

एक खुलासा इथेच करतो. कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात, तेव्हा बरेचदा बिघाड नसतो. त्याच्या पॉवर सप्लायमधले फिल्टरचे कपॅसिटर डब्यावर थोडा व्होल्टेज आणतात आणि अर्थ असेल तर तो तिथल्या तिथे उतरून जातो. म्हणजे ती झिणझिणी अर्थिंग नसल्याची खूण आहे, उपकरण बिघडल्याची असेलच असं नाही. मात्र गीझर, कूलर, मशीन किंवा मोटारीला मुंग्या येत असतील तर अंदाज बांधत बसू नका. ते बंदच ठेवा.

पायरी 2: घरात काय आहे ते डोळ्यांनी बघा

यासाठी काही उघडायचं नाही. टॉर्च घ्या आणि मीटरपासून निघा.

भिंतीवर लाकडी पट्टी आणि तिच्यावर क्लिपांनी मारलेल्या तारा दिसल्या तर ती बॅटन वायरिंग. लाकडी खाचेत तारा आणि वर झाकणपट्टी असेल तर केसिंग-कॅपिंग. दोन्ही पद्धती जुन्या. त्यांच्यात लाइट-पंख्यापर्यंत अर्थची तार नेलेली क्वचितच सापडते. काही घरांत पट्टीवरून एक उघडी, गंजलेली तार वेगळी धावताना दिसते. तीच अर्थची तार. ती कुठे तुटली आहे का ते नजरेने मागे मागे बघत जा.

मेन बोर्डावर चिनीमातीचे फ्यूज, म्हणजे किटकॅट, किती आहेत ते मोजा. खूप जुन्या घरात फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे जोडीने फ्यूज असतात. न्यूट्रलमधला फ्यूज फार फसवा. तो उडाला की घरातलं सगळं बंद पडतं, लोकांना वाटतं लाइट गेली, पण फेज प्रत्येक उपकरणापर्यंत जिवंत असतो. 1956 च्या वीज नियमांतही न्यूट्रलमध्ये असा सुटा फ्यूज घालायला मनाई होती. तरी तो अजून सापडतो. सापडला तर वायरमनला पहिल्याच भेटीत दाखवा.

मग घराबाहेर जा. भिंतीपासून दीड-दोन मीटरवर विटांचं छोटं चौकोनी कुंड, त्यात पाइप किंवा नरसाळं, आणि तिथून घराकडे जाणारी तार किंवा पट्टी, हा अर्थिंगचा खड्डा. अनेक घरांत तो फरशीखाली, कुंपणाच्या कामात किंवा तुळशीच्या नव्या कट्ट्याखाली गेलेला असतो. घरातल्या वयस्कर माणसांना विचारा. "पूर्वी उन्हाळ्यात कुठे मिठाचं पाणी ओतायचात?" एवढं विचारलं तरी जागा कळते.

तीन भोकांच्या सॉकेटवर मात्र विश्वास ठेवू नका. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका वाड्यात गेलो होतो. आजी म्हणाल्या, "मशीनला हात लावला की मुंग्या येतात रे बाळा. सॉकेट तर नवीन बसवून घेतलाय." सॉकेट खरंच नवा होता, पांढराशुभ्र, तीन भोकांचा. मेन पाडून बोर्ड उघडला. अर्थच्या पिनेला हिरवी वायर व्यवस्थित कसलेली होती. ती ओढली तर वीतभर लांबीची वेटोळी बाहेर आली. दुसऱ्या टोकाला इन्सुलेशनही सोललेलं नव्हतं. ती कुठेच जात नव्हती. वायर बोर्डात नुसती कोंबून ठेवलेली होती, उघडून बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. आजी रोज सकाळी त्या मशीनमधून ओले कपडे काढत होत्या. ते वेटोळं मी आजही हत्यारांच्या पेटीत ठेवलंय आणि नवीन मुलगा कामाला आला की त्याला आधी ते हातात देतो.

पायरी 3: मोजून घ्या

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. पण तो काय मोजतोय ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून शेजारी उभे राहा.

सॉकेटकडे तोंड केल्यावर मोठं भोक वर असतं, ते अर्थ. खाली उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल हवा. मल्टिमीटरने तीन आकडे घ्यायचे. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास. फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये थोडे, साधारण शून्य ते पाच. फेज-अर्थला 60, 90, 110 असे डोलणारे आकडे आले तर अर्थची तार मध्येच तुटलेली आहे. न्यूट्रल-अर्थमध्ये मोठं उपकरण चालू असतानाही नेमका शून्य दिसला तर सॉकेट उघडून बघाच, कारण कुणीतरी आत दोन्ही पिना एका तुकड्याने जोडल्या असण्याची शक्यता आहे.

पण चांगला आकडा आला म्हणजे अर्थिंग चांगलं, असंही नाही. मल्टिमीटर अगदी किरकोळ करंट घेतो, त्यामुळे गंजून धाग्याएवढ्या उरलेल्या तारेवरही तो 225 दाखवेल. आमचे बरेच लोक म्हणून फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून बघतात. बल्ब मिणमिणला तर अर्थ खराब, हे खरं. लख्ख लागला तर अर्थ उत्तम, हे मात्र खोटं. शंभर वॉटच्या पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे 529 ओहम असतो. अर्थिंगचा रोध 50 ओहम असला तरी बल्बला नव्वद टक्के व्होल्टेज मिळतो आणि तो झकास दिसतो. शिवाय अर्थ खराब असेल तर बल्ब लावल्या क्षणी घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या पत्र्यांवर व्होल्टेज चढतो. घरच्यांनी हा प्रयोग कधीच करू नये.

खरा आकडा अर्थ टेस्टरने मिळतो. जमिनीत थोड्या थोड्या अंतरावर दोन खुंट्या ठोकून खड्ड्याचा रोध मोजतात. वायरमनकडे हे यंत्र नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा. घरासाठी पाच ओहमच्या आत आला तर समाधान मानावं.

त्याच भेटीत 500 व्होल्टच्या मेगरने वायरिंगचं इन्सुलेशनही तपासून घ्या. ते निदान एक मेगओहम हवं. जुन्या रबरी तारा कडक होऊन तडकतात, आणि भिंतीत ओल असेल तर हा आकडा पार खाली येतो. तसं असेल तर नुसतं अर्थिंग करून उपयोग नाही, त्या सर्किटची वायरच बदलावी लागेल.

पायरी 4: खड्ड्याच्या आधी आरसीसीबी

बहुतेक लोक उलट क्रमाने जातात. आधी खड्डा, मग पैसे उरले तर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. माझं स्पष्ट मत आहे की आरसीसीबी आधी बसवा. का ते आकड्यांत सांगतो.

समजा खड्डा करून घेतला आणि रोध 10 ओहम आला. गीझरचा फेज पत्र्याला टेकला. करंट वाहील 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपिअर. गीझरचा एमसीबी 16 अँपिअरचा. 23 हा 16 च्या दीडपटही नाही. एवढ्या करंटला एमसीबी पडायला तासाभराचा वेळ लागू शकतो. तोवर गीझरच्या अंगावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज बसलेला असतो. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबीही आहे, आणि तरी नळाखालचा माणूस सुरक्षित नाही. किटकॅटमध्ये जाड तार घातलेली असेल तर विचारूच नका.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत तुलना करतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत, आणि फरक मोठा असेल तर त्याहून कितीतरी लवकर, दोन्ही तारा तोडतो. त्याला स्वतःला चालायला अर्थची तार लागत नाही. म्हणून दोन तारांच्या जुन्या घरातही तो उद्यापासून कामाला लागतो. फरक इतकाच की अर्थ नसेल तर तो माणसाला झटका बसल्यावर पडतो, आणि अर्थ असेल तर कुणी हात लावण्याआधीच पडतो. म्हणून शेवटी दोन्ही हवेत.

खराब जमिनीतही दोघांची जोडी कामाला येते. कोकणातल्या जांभ्यावर किंवा आमच्याकडच्या कातळावर रोध 100 ओहम राहिला असं धरा. 30 मिलिअँपिअर गुणिले 100 म्हणजे 3 व्होल्ट. पत्र्यावर एवढाही व्होल्टेज चढला की आरसीसीबी पडलेला असेल.

दुकानात अजूनही त्याला ईएलसीबी म्हणतात, हरकत नाही. पण डब्यावर 30 एमए लिहिलेलं बघून घ्या, 100 किंवा 300 एमएचा माणसासाठी नाही. अँपिअर मेनइतके किंवा जास्त असावेत, आणि त्याच्यासोबत एमसीबी हवाच, कारण आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर तोही वाचवू शकत नाही, कारण त्याच्या लेखी तुम्ही एक बल्ब असता.

जुन्या घरात तो बसवल्यावर वारंवार पडेल. तेव्हा "हा खराब आहे, काढून टाका" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ओली भिंत, गळकी गीझर कॉइल, इन्व्हर्टरच्या जोडणीत मिसळलेला न्यूट्रल, यांपैकी काहीतरी त्याला सापडलेलं असतं. सगळे एमसीबी पाडून एकेक चढवत गेलात की दोष कोणत्या सर्किटवर आहे ते कळतं. एमसीबी पाडूनही पडतच राहिला तर दोष न्यूट्रलकडे बघायचा, कारण साधा एमसीबी न्यूट्रल तोडत नाही.

पायरी 5: खड्डा

जागा भिंतीपासून निदान दीड मीटर दूर आणि शक्यतो ओलाव्याची निवडा. मोरीचं पाणी जातं तिथे, केळीच्या आळ्याजवळ, विहिरीच्या बाजूला. घराला साधारणपणे पाइपचं अर्थिंग पुरतं. 40 मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा, भोकं पाडलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा गाडायचा आणि भोवती लाकडी कोळसा आणि जाड मीठ यांचे एकाआड एक थर द्यायचे. वर नरसाळं, विटांचं कुंड आणि उचलता येईल असं झाकण.

जमीन बघून निर्णय घ्या. काळ्या मातीत रोध छान उतरतो, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाइपची पकड सोडते. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा तरी दोन-तीन बादल्या पाणी नरसाळ्यातून गेलंच पाहिजे. मुरूम-कातळात अडीच मीटर खणणंच अवघड असतं. तिथे एकाऐवजी दोन खड्डे, एकमेकांपासून पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, आणि ते पट्टीने जोडून. मीठ रोध कमी करतं आणि पाइपही खातं, म्हणून तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि बेंटोनाइट माती हा पर्याय महाग असला तरी जास्त टिकतो.

खड्ड्यापासून मेन बोर्डापर्यंत 8 नंबरची जीआय तार किंवा 25 बाय 3 मिलिमीटरची पट्टी न्या. जोड नटबोल्टचा, वॉशर लावून घट्ट कसलेला हवा. तार पाइपला नुसती गुंडाळलेली दिसली तर ते काम परत करून घ्या. मी उघडलेल्या खड्ड्यांपैकी बहुतेकांत पाइप शाबूत होता आणि हा जोड गंजून सुटलेला होता.

फ्लॅट किंवा चाळ असेल तर खड्डा तुमच्या हातात नाही. तळमजल्यावर मीटर रूममध्ये अर्थची पट्टी आहे का बघा. असेल तर तिथून 4 चौरस मिलिमीटरची हिरवी वायर तुमच्या बोर्डापर्यंत आणायची परवानगी सोसायटीकडून लेखी घ्या. नसेल तर पूर्ण इमारतीसाठी एकच चांगलं अर्थिंग करायचा विषय सभेत मांडा. एकट्याने पाण्याच्या पाइपला अर्थ जोडू नका. खालच्या मजल्यावर कुणीतरी मधला तुकडा प्लॅस्टिकचा टाकलेला असतो, मग तुमच्या गीझरचा करंट शेजारच्या नळाला येतो.

पायरी 6: तार घरात फिरवा

सगळं घर एकदम फोडायची गरज नाही. पीव्हीसी केसिंग-पट्टीतून हिरवी वायर आधी गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार, फ्रीज, स्वयंपाकाच्या ओट्यावरचे पॉइंट आणि इस्त्री यांच्यापर्यंत न्या. विदर्भात असाल तर कूलर सगळ्यात आधी. लोखंडी पत्रा, आत पाण्यात बसलेला पंप, खाली ओली फरशी आणि उघड्या पायांची पोरं, याहून वाईट जुळणी नाही. अर्थची वायर फेजच्या वायरएवढीच जाड घ्या. 16 अँपिअरच्या पॉइंटला 2.5, गीझर-एसीला 4 चौरस मिलिमीटर.

उपकरणाची अर्थ पिन कापू नका आणि तीन पिनचं दोन पिन करणारा अडॅप्टर वापरू नका. ती पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून. मोबाइलचा चार्जर, ड्रिल मशीन अशा चौकोनात चौकोन ही खूण असलेल्या वस्तूंना अर्थ लागत नाही, त्या दोन पिनवर चालतात.

आणि न्यूट्रलला अर्थ जोडून "अर्थिंग करून देतो" म्हणणाऱ्याला हात जोडून परत पाठवा. वरवर मोजलं तर तो जोड उत्तम आकडे दाखवतो. ज्या दिवशी खांबावर किंवा मीटरमध्ये न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी चालू असलेल्या बल्बमधून फेज त्या न्यूट्रलवर येईल आणि तिथून घरातल्या प्रत्येक लोखंडी अंगावर. तेव्हा कशातही बिघाड नसेल आणि तरी सगळ्यालाच शॉक असेल.

काम ताब्यात घेताना

वायरमन जाण्यापूर्वी त्याच्यासमोर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. घरातली लाइट खटकन गेली पाहिजे. पुढे दर महिन्याच्या एक तारखेला हे तुम्ही स्वतः करा. मग प्रत्येक नव्या सॉकेटवर तिन्ही आकडे पुन्हा घ्यायला सांगा, आणि निदान एक सॉकेट तुमच्यासमोर उघडायला लावून हिरवी वायर खरोखर पुढे गेली आहे हे बघा. परवाना असलेल्या माणसाला याचा राग येत नाही.

खड्ड्याचा रोध, मोजल्याची तारीख, इन्सुलेशनचा आकडा आणि कोणता एमसीबी कशाचा, हे एका कागदावर लिहून डीबीच्या, म्हणजे एमसीबींच्या डब्याच्या, झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या मे महिन्यात रोध परत मोजून त्याच कागदावर खाली लिहायचा. आकडा दुप्पट झाला असेल तर कुंडाचं झाकण उचलून आधी तो नटबोल्टचा जोड बघा.

आमच्या घराच्या कागदावर आता आठ नोंदी आहेत. आई फ्रीजपाशी अनवाणी जाते, पण स्लिपरचा जोड तिने अजून तिथून हलवलेला नाही.